आधी अंग, मग रंग: जुन्या जातींच्या कोंबड्यांची पैदास करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिसांचा रंग आणि अंगाचा आकार यांसाठी जुन्या जातींची निवडक पैदास करणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे. त्यामुळे उत्तरांत माहितीबरोबर माझी मतंही आली आहेत.

जुनी जात नेमकी कोणती?

कारखानदारी पोल्ट्रीचे संकरित पक्षी येण्याआधी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याआधी, जिची ओळख पक्की झाली होती ती जुनी जात, असं ढोबळमानाने धरतात. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ऑर्पिंग्टन, ससेक्स, वायंडॉट, ब्रह्मा ही त्यातली माहितीतली नावं. अशा जातीचे पक्षी नैसर्गिक समागमाने वाढतात आणि सावकाश मोठे होतात. कोंबडी पाच ते सात वर्षं आणि कोंबडा तीन ते पाच वर्षं पैदाशीच्या कामी येतो. बहुतेक जातींचं वजन, बांधा आणि रंग यांचं लेखी मानक असतं. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने असं मानकांचं पुस्तक १८७४ मध्ये पहिल्यांदा काढलं. तुमच्या जातीचं मानक मिळवा आणि पक्षी निवडायच्या आधी ते नीट वाचा. डोळ्यांसमोर चित्र नसेल तर निवड कशाची करणार?

रंग आणि आकार दोन्ही एकदम सुधारता येतील का?

येतील, पण क्रम ठरवून. माझा क्रम पक्का आहे: आधी अंग, मग रंग.

रंगाचे बरेचसे खेळ एकेका जनुकावर चालतात. एक जनुक आलं की रंग आला, गेलं की गेला. हरवलेला रंग दोन-तीन पिढ्यांत परत आणता येतो. अंगाचं तसं नाही. हाडापेर, छातीची रुंदी, पाठीची लांबी, वाढीचा वेग यांमागे असंख्य जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा लहान असतो. ती एकत्र गोळा व्हायला अनेक पिढ्या जातात, विखरायला दोन पुरतात.

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्याकडे एक निळा कोंबडा होता. छातीवरच्या प्रत्येक पिसाला गडद किनार, शाईने ओढल्यासारखी रेखीव. तो उन्हात उभा राहिला की नजर हटायची नाही. पण छाती अरुंद होती आणि ढोपरं आत वळलेली. ते मला दिसत होतं, तरी रंगाला भुललो. तीन वर्षं त्याचीच आणि त्याच्या मुलांची पिल्लं काढली. चौथ्या वर्षी तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, तागडीत बसवल्या, तर त्या वयाला त्यांच्या आज्या जेवढ्या भरत होत्या त्यापेक्षा पाऊण किलोने हलक्या. किनार सगळ्यांची सुंदर होती. पूर्वीचं अंग परत यायला मला सहा वर्षं लागली.

म्हणून पहिली चाळण अंगाची लावा. त्यातून जे पक्षी उरतील, त्यांच्यातून रंग निवडा.

आकार म्हणजे वजनच ना?

वजन हा आकाराचा एक भाग झाला. चरबीने भरलेला पक्षीही तागडीत जड भरतो, आणि फुगलेल्या पिसांचा पक्षी नुसत्या नजरेला मोठा वाटतो. त्यामुळे तागडी, नजर आणि हात तिन्ही लागतात. त्यातला हात सर्वांत खरा.

अंधार पडल्यावर पक्षी दांडीवर शांत बसलेले असतात, तेव्हा एकेक उचला. डाव्या हाताच्या पंजावर छाती टेकवा, पाय बोटांमध्ये धरा. उजवा तळहात पाठीवर सपाट ठेवून खांद्यांपासून शेपटीकडे सरकवा. चांगल्या पक्ष्याची पाठ तळहात भरून लागते आणि मागे जाताना फारशी निमुळती होत नाही. मग बोटं छातीच्या हाडावर न्या. हाड लांब आणि सरळ हवं, दोन्ही बाजूंना मांस हवं. सुरीच्या पात्यासारखी धार लागली तर पक्षी भरलेला नाही. पायाची नळी अंगठा आणि तर्जनीत धरून पाहा, हाड जाड आहे की काडीसारखं ते लगेच कळतं. दहा पक्षी असे हाताळले की अकराव्याचा फरक हात आपणहून सांगतो.

वजन आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात घ्या. आठव्या आठवड्यात वाढीचा वेग कळतो, सोळाव्यात सांगाडा. नर आणि मादी यांची तुलना एकमेकांशी करू नका. ऱ्होड आयलंड रेडचा पूर्ण वाढलेला कोंबडा मानकाप्रमाणे सुमारे ३.९ किलोचा, तर कोंबडी सुमारे २.९ किलोची. जर्सी जायंटमध्ये हेच आकडे ५.९ आणि ४.५ आहेत. तुलना एकाच दिवशी फुटलेल्या, एकाच खाद्यावर वाढलेल्या पिल्लांत करा, नाहीतर तुम्ही जनुकांच्या नावाखाली हवामान आणि खाद्य मोजत बसाल.

आई-बाप दोघेही मोठे असले तर पिल्लं तेवढीच मोठी होतील का?

सरासरीने पाहिलं तर नाही. मोठेपणाचा काही भाग जनुकांचा असतो, काही खाद्याचा, जागेचा, नशिबाचा. पिल्लांत उतरतो तो फक्त पहिला.

एक हिशेब करून पाहू. समजा, तुमच्या कळपाचं सरासरी वजन ३.२ किलो आहे आणि पैदाशीला निवडलेले पक्षी सरासरी ३.८ किलोचे आहेत. फरक ६०० ग्रॅमचा. वजनाची आनुवंशिकता, म्हणजे फरकातला जनुकांचा वाटा, ०.४ धरली तर पुढच्या पिढीत साधारण २४० ग्रॅमची वाढ मिळेल, म्हणजे पिल्लं ३.४४ किलोच्या आसपास राहतील. त्यामुळे आई-बापांपेक्षा पिल्लं लहान निघाली म्हणून निराश होऊ नका. ती आधीच्या पिढीच्या सरासरीपेक्षा पुढे आहेत ना, एवढंच पाहा.

एकट्या मोठ्या पक्ष्यापेक्षा ज्याची सगळी भावंडं मोठी आहेत असा पक्षी घ्या. लहान भावंडांत एखादाच मोठा निघाला असेल तर तो बहुधा नशिबाने मोठा झालेला असतो.

अंड्याकडेही लक्ष द्या. पिल्लाचं वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. तलंगेची पहिली बारीक अंडी उबवायला ठेवू नका. मी शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या कोंबड्यांची अंडी घेतो. अंडी मोठी मिळतात, आणि ती कोंबडी एक वर्ष तगून निरोगी राहिली आहे याची खात्रीही झालेली असते.

निळ्या कोंबड्याला निळीच कोंबडी लावली, तरी काळी आणि पांढुरकी पिल्लं का निघाली?

तुमची जात भेसळीची नाही. निळा रंग शुद्ध होतच नाही. निळेपणाच्या जनुकाची एक प्रत असली की काळा रंग विरळ होऊन निळसर राखाडी दिसतो. दोन प्रती असल्या की तो इतका पातळ होतो की पक्षी पांढुरका दिसतो आणि त्यावर निळे-काळे शिंतोडे राहतात. याला स्प्लॅश म्हणतात.

त्यामुळे निळा आणि निळी यांची चार पिल्लं धरली तर सरासरीने दोन निळी, एक काळं आणि एक स्प्लॅश. निळा आणि काळी लावली तर अर्धी निळी, अर्धी काळी. सगळीच्या सगळी निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावा. अँडालुशियन ही निळी जात पाळणारे हेच करत आले आहेत. मात्र नुसत्या स्प्लॅशच्या भरवशावर राहिलात तर निळा फिका पडत जातो आणि किनार पुसट होते. ठसठशीत काळ्या कोंबड्या हाताशी ठेवा, निळ्याचा दम काळ्यात असतो.

तेच दोन रंग, पण कोंबडा आणि कोंबडी यांची अदलाबदल केली तर पिल्लं वेगळी का निघतात?

कारण काही रंगांची जनुकं लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेली आहेत. माणसात लिंग बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपलं झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना झेड मिळतं ते बापाकडूनच.

रुपेरी आणि सोनेरी या रंगांचं जनुक झेडवर आहे, आणि रुपेरी प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रत असली तरी तोच दिसतो. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी लावली तर मुलगे रुपेरी आणि मुली सोनेरी निघतात. अंड्यातून बाहेर आल्या आल्या लवेच्या रंगावरून नर-मादी ओळखता येतात. जोडी उलटी केली आणि कोंबडा शुद्ध रुपेरी असला तर सगळीच पिल्लं रुपेरी.

यातून पैदासकाराने एक गोष्ट लक्षात ठेवायची: झेडवरच्या रंगात कोंबडी काही लपवू शकत नाही. तिच्याकडे एकच प्रत असते, आहे ते दिसतं. कोंबडा मात्र रुपेरी दिसूनही सोनेरीची एक प्रत पोटात बाळगू शकतो. मानेच्या पिसांत पिवळसर झाक दिसली तर संशय घ्या आणि सोनेरी कोंबडीशी लावून पारखा.

पट्टेरी जातीत कोंबडा फिका आणि कोंबडी गडद का दिसते?

पट्ट्यांचं जनुकही झेडवरच आहे. कोंबड्यात त्याच्या दोन प्रती, कोंबडीत एक. दोन प्रतींनी पांढरा पट्टा रुंदावतो, म्हणून कोंबडा फिका. पट्टेरी प्लायमाउथ रॉकमध्ये दोघांची छटा सारखी दिसावी यासाठी जुने पैदासकार एकाच जातीच्या दोन वेगळ्या ओळी, म्हणजे घराणी, सांभाळायचे. एक सुंदर कोंबडे देणारी, एक सुंदर कोंबड्या देणारी. याला दुहेरी पैदास म्हणतात. कष्ट दुप्पट, जागा दुप्पट. जागा कमी असेल तर यात पडू नका. एकच ओळ ठेवा आणि छटेतला फरक स्वीकारा.

पट्टे पारखताना एक पीस उपटून पांढऱ्या कागदावर ठेवा. पट्टा पिसाच्या टोकापासून बुडाशी असलेल्या मऊ लवेपर्यंत उतरलेला हवा आणि काळ्या-पांढऱ्याची हद्द स्वच्छ हवी. वरवर रेखीव दिसणारे अनेक पक्षी या परीक्षेत नापास होतात.

दोन शुभ्र पांढऱ्या पक्ष्यांची पिल्लं रंगीत कशी?

पांढरे दोन प्रकारचे असतात. प्रभावी पांढरा मुख्यतः काळ्या रंगाला झाकतो, तांबूस रंग त्याला पूर्ण आवरत नाही. अप्रभावी पांढरा दोन प्रती असल्याशिवाय दिसत नाही, पण दिसला की सगळा रंगच बंद. दोन्ही पक्षी अप्रभावी पांढरे असतील तर पिल्लं पांढरीच. एक या प्रकारचा आणि दुसरा त्या प्रकारचा असेल तर पहिली पिढी पांढरी, पण ती आपसात लावली की सोळांत सरासरी तीन पिल्लं रंगीत निघतात. शिवाय प्रभावी पांढऱ्याची एकच प्रत घेऊन फिरणारे दोन पक्षी जोडीला आले तरी रंगीत पिल्लू निघू शकतं. अशा पक्ष्यांत बहुधा तुरळक काळे ठिपके असतात, ते शोधा.

लव्हेंडर रंगाच्या कोंबड्यांची शेपूट फाटकी का दिसते?

लव्हेंडर निळ्यासारखा दिसला तरी वेगळा आहे. तो अप्रभावी आहे, दोन लव्हेंडर लावले की सगळी पिल्लं लव्हेंडरच. त्या रंगाच्या अनेक ओळींत पिसं कमकुवत निघतात आणि शेपटीची टोकं झिजतात. दर दोन-तीन पिढ्यांनी त्याच जातीच्या दणकट काळ्या पक्ष्याशी लावा. पहिली पिढी सगळी काळी निघेल. ती पुन्हा लव्हेंडरशी लावली की अर्धी पिल्लं लव्हेंडर मिळतील. त्यातली चांगल्या पिसांचीच ठेवा.

पिसाला किनार असलेली नक्षी कशी बसवायची?

शून्यापासून बसवायला जाऊ नका. वायंडॉटसारख्या जातीतली एकेरी किनार तीन जनुकांच्या मेळातून येते: एक नक्षी रचतं, एक काळेपणा वाढवतं आणि तिसरं अंगावरचा काळा रंग मागे सारतं. शिवाय खालचा मूळ रंगही योग्य असावा लागतो. यांपैकी एखादं हललं की किनारीच्या जागी दुहेरी किनार किंवा नुसता काळपट गोंधळ उरतो. जिच्यात नक्षी आहे तीच जात घ्या आणि ती स्वच्छ करत राहा.

कडकनाथ आणि सिल्की यांचा काळेपणा पिसांच्या रंगासारखाच चालतो का?

नाही. त्यांची कातडी, हाडं, आतले अवयवही काळपट असतात. सिल्कीचं कातडं काळं असूनही पिसं पांढरी असू शकतात, त्यावरूनच हे दोन कारभार वेगळे असल्याचं दिसतं. कातडीचा काळेपणा प्रभावी जनुकाने येतो, पण झेडवरचं एक दुसरं प्रभावी जनुक त्याला दाबून टाकतं. म्हणून शुद्ध काळ्या कातडीच्या कोंबड्याला फिक्या पायांची, हे दाबणारं जनुक असलेली कोंबडी लावली तर मुली काळ्या कातडीच्या आणि मुलगे बरेच उजळ निघतात.

पक्ष्याचा रंग कोणत्या वयात पारखावा?

घाई नको. पिल्लाची लव, मग पहिली पिसं, मग पुढची, असं ते अनेकदा पिसं बदलतं. पूर्ण पिसारा यायला साधारण सहा महिने जातात. त्याआधी फक्त उघड दोष असलेले पक्षी बाजूला काढा.

उन्हाने पांढऱ्या पक्ष्यावर पितळी झाक चढते, बदामी आणि तांबडे रंग विटतात. मक्यातल्या रंगद्रव्यानेही पांढऱ्या पिसांत पिवळेपणा येऊ शकतो. हे दोष पिल्लांत उतरत नाहीत. म्हणून निर्णय नव्या पिसांवर आणि ढगाळ उजेडात घ्या. पंख उघडून आतलं पाहा, मानेची पिसं बोटाने दुभागून बुडाचा रंग पाहा. बदामी जातींत बुडाशी पांढरं किंवा काजळी दिसली तर पुढच्या पिढीत ती वर आलेली दिसेल.

आणि पीस हे मुख्यतः प्रथिनांचं बनलेलं असतं. खाद्यात प्रथिनं कमी असतील तर उत्तम जनुकांचा पक्षीही कळाहीन दिसतो.

एकच उत्तम कोंबडा ठेवला तर चालेल का?

काही वर्षं चालल्यासारखं वाटेल. मग अंडी वांझ निघू लागतात, पिल्लं कवचात मरतात, अंग बारीक होत जातं.

आकडे पाहा. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील तर दर पिढीला जवळच्या रक्ताचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. तीन कोंबडे आणि बारा कोंबड्या ठेवल्या तर सुमारे ५ टक्क्यांनी, पाच कोंबडे आणि पंचवीस कोंबड्यांत सुमारे ३ टक्क्यांनी. सगळा फरक कोंबड्यांच्या, म्हणजे नरांच्या, संख्येने पडतो. नवी माणसं माद्या वाढवत बसतात आणि नर एकच ठेवतात, तिथे चुकतं.

माझ्याकडे तीन खुराडी आहेत. मुली आईच्या खुराड्यात राहतात, मुलगे पुढच्या खुराड्यात जातात: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. सख्खी भावंडं कधी जोडीला येत नाहीत आणि बाहेरून पक्षी न आणता बरीच वर्षं निभावतं. भारी जातीत एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्यांपेक्षा जास्त नकोत.

कोंबडा बदलल्यावर किती दिवसांनी अंडी उबवायला घ्यावीत?

निदान तीन आठवडे थांबा, चार थांबलात तर निर्धास्त. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं.

आकार वाढवायला दुसऱ्या जातीचं रक्त आणावं का?

आधी त्याच जातीची दुसरी ओळ शोधा. ती नाहीच मिळाली तर बांधा जवळचा असलेली जात घ्या. पहिल्या पिढीत मूळ जात निम्मी राहते. मूळ जातीशी परत लावत गेलात तर ७५, मग ८७.५, मग जवळपास ९४ टक्के. पण आलेले अप्रभावी दोष अनेक पिढ्या लपून राहतात. हे पक्षी वेगळ्या खुराड्यात ठेवा, वेगळ्या वहीत नोंदवा, आणि निकाल दिसेपर्यंत मूळ कळपात मिसळू नका. कोणाला देताना ही माहिती सांगून द्या.

आकार कमी करायचा असेल तर?

बुटक्या जातींत, म्हणजे बँटममध्ये, बहुतेक वेळा अनेक लहान जनुकांचा मेळ असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लहान पक्षी निवडावे लागतात. झेडवरचं एक अप्रभावी खुजेपणाचं जनुकही आहे, त्याने कोंबडीचं वजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं.

एका बाबतीत मात्र सावध राहा. जपानी बँटमचे आखूड पाय ज्या जनुकामुळे येतात, त्याच्या दोन प्रती मिळालेलं पिल्लू अंड्यातच मरतं. दोन आखूड पायांचे पक्षी लावले तर चौथा हिस्सा पिल्लं जातात. आखूड पायांचा पक्षी लांब पायांच्या भावंडाशी लावला की हे टळतं. कुरळ्या पिसांच्या फ्रिझलचंही असंच. कुरळ्याला कुरळा लावला की काही पिल्लांची पिसं ठिसूळ निघतात, गळतात, अंग उघडं पडतं. कुरळ्याला सरळ पिसांचा लावा, अर्धी पिल्लं कुरळी मिळतील आणि कोणाचे हाल होणार नाहीत.

नोंदी कशा ठेवाव्यात?

अंड्यावर पेन्सिलीने खुराड्याचा आणि कोंबडीचा क्रमांक लिहा. एकविसाव्या दिवसाच्या आधी, अठराव्या दिवशी, अंडी जाळीच्या वेगवेगळ्या खणांत ठेवा म्हणजे पिल्लं मिसळणार नाहीत. फुटल्यावर पंखाला बिल्ला किंवा पायात रंगीत कडी घाला. कडी दर दोन आठवड्यांनी तपासा, वाढत्या पायात ती रुतते.

वहीत प्रत्येक पक्ष्यामागे एक ओळ पुरते: आई, बाप, फुटल्याची तारीख, आठव्या आणि सोळाव्या आठवड्याचं वजन, पाठ, छाती, पाय, रंगाचा मुख्य गुण आणि मुख्य दोष. बाजूला काढलेल्यांचीही नोंद ठेवा, कोणत्या जोडीची पिल्लं जास्त बाद होतात हे त्यावरूनच कळतं. आणि शक्य असेल तर दर वर्षी प्रत्येक ओळीतल्या एका चांगल्या पक्ष्याचं छातीवरचं, पाठीवरचं आणि पंखाचं एकेक पीस त्या पानाला चिकटवा. पाच वर्षांपूर्वीचा निळा आजच्यापेक्षा गडद होता की फिका, हे आठवणीवर सोडलं तर हमखास चुकतं. पीस समोर असलं की वाद उरत नाही.

किती पिल्लं काढावीत?

जेवढी नीट वाढवता येतील तेवढी, पण पंचवीस-तीसपेक्षा कमी नकोत. निवडायला वाव हवा. मी साधारण दहातून एक कोंबडा आणि पाचातून एक तलंग पैदाशीला ठेवतो. बाकीचे पक्षी निरोगीच असतात, अंडी उत्तम देतात, फक्त पैदाशीच्या खुराड्यात जात नाहीत. जो कोंबडा माणसावर धावून येतो तो कितीही देखणा असला तरी मी ठेवत नाही. स्वभावही पिल्लांत उतरतो.